येमेनच्या वर्गातले धाकूराव

४ जानेवारी, शनिवार

अक्षता काहीतरी लपवतेय. म्हणाली, यापुढे शनिवारी सात ते नऊ भेटता येणार नाही, ऑनलाइन कोर्स आहे. कसला? तर येमेन. मी म्हटलं, येमेनचा कोर्स कोण करतं? ‘मी करते. आमच्याकडे येणारे अर्धे परदेशी पेशंट तिथले असतात. त्यांच्या देशाबद्दल मला काय माहितीये? शून्य.’

ती अंधेरीच्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटच्या डेस्कवर आहे. दोन वर्षांत बऱ्यापैकी अरबी शिकली. कबूल. पण त्या डेस्कसमोरच्या बाकावर गेले तीन आठवडे एकच माणूस बसलेला असतो. फारिस. आईला ऑपरेशनसाठी घेऊन आलाय. उंच, दाढी कोरलेली, शर्ट कायम इस्त्रीचा. लॉजमध्ये राहणाऱ्याला रोज इस्त्री कोण करून देतं?

लॅबची सॅम्पल उचलायला मी त्या बाजूला जातो म्हणून दिसलं. नाहीतर पत्ताही लागला नसता.

५ जानेवारी

कोर्स खरा निघाला. मुलुंडची कुठलीशी संस्था, झूमवर, मराठीतून, सहा शनिवार. शिकवणारे श्यामकांत सर – ‘येमेनमध्ये अकरा वर्षे वास्तव्य’. कोर्स खरा आहे म्हणून तो करण्याचं कारणही खरं, असं थोडंच आहे.

नाव नोंदवलं. स्वतःचं कसं टाकणार? धाकूमामाच्या पीएफसाठी मीच एक ईमेल काढून दिला होता, तोच टाकला. धाकू घाडी. मामा कणकवलीला. येमेन म्हटलं तर त्याला गोळीचं नाव वाटेल. अक्षताने त्याला कधी पाहिलेलं नाही.

११ जानेवारी

पहिल्यांदा बसलो. चाळीस जण, बहुतेक रिटायर्ड. एका बाईंचा मिक्सर दहा मिनिटं चालू होता. सर म्हणाले, ‘कोणाचं वाटण चाललंय त्यांनी म्यूट करा.’ बाईंना ऐकूच गेलं नाही.

मला वाटलं होतं वाळू आणि उंट. सरांनी सुरुवात केली ती एडन बंदरापासून. एडन म्हणे कितीतरी वर्षं मुंबई इलाख्यात होतं. तिथला कारभार इथून चालायचा. आपल्याला शाळेत कोणी का नाही सांगितलं? मला तर या सगळ्याचाच संशय येतो. काय शिकवायचं आणि काय गाळायचं हे ठरवतं कोण?

शेवटी प्रश्न विचारायचे होते. मी लिहिलं – येमेनी पुरुष परदेशी मुलीशी लग्न करू शकतो का? सरांनी मोठ्याने वाचलं. ‘धाकू घाडी विचारतात... करू शकतो, पण सरकारी परवानगी लागते. धाकूराव, घरात कोणाचं ठरतंय का?’ सगळे हसले. माझा कॅमेरा बंद होता. अक्षताचा चालू. तीही हसली.

१२ जानेवारी

नाहूर स्टेशनबाहेर रसाच्या गाडीवर भेटलो. सगळा वेळ येमेन. मग म्हणते, ‘आमच्या वर्गात एक धाकूकाका आहेत. काय बिनधास्त विचारतात यार. शिक जरा त्यांच्याकडून.’

‘काय शिकू?’

‘विचारायला. तू डायरेक्ट कॉलर धरतोस.’

हे कॉलेजवरून होतं. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांची कॉलर धरली आणि नंतर माफी मागायला गेलो नाही, वर्ष सोडलं. तीन वर्षं झाली तरी ते निघतंच. मी म्हटलं, तो काका खरंच काका आहे कशावरून? म्हणाली, ‘घे, आता त्यांच्यावर पण संशय घे.’

१८ जानेवारी

आज युद्ध. होदेदा नावाचं बंदर, तांबड्या समुद्रावर. फारिस तिथलाच. धान्य, औषधं, डिझेल सगळं तिथूनच यायचं, म्हणून सगळ्यांना तेच हवं. कोण कोणावर बॉम्ब टाकतंय ते तीनदा लिहून घेतलं, तीनदा खोडलं. मी विचारलं – सर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने बोलताय? मला वाटलं, आता सापडले.

सर म्हणाले, ‘माझ्याकडे स्वयंपाक करणारा माणूस त्यात गेला, धाकूराव. दोन मुलींसकट. बाजू मला ठरवता आलेली नाही. पुढची स्लाइड.’



आणि वर्ग संपता संपता धाकूरावांना अक्षताचा खाजगी मेसेज. ‘काका, तुम्ही सरकारी नोकरीत होता का? कागदपत्रांचं एक विचारू?’

मी लिहिलं, ‘विचार बाळा.’ बाळा! माझाच हात, पण लिहिताना कसंतरी झालं.

तिने सगळं लिहिलं. फारिसचा व्हिसा दहा तारखेला संपला. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केलाय, पण पोच आलेली नाही. लॉजवाल्याला कळलं तर तो बाहेर काढेल. मालकाला आपणहून सांगावं की गप्प बसावं? ‘मुलगा फार चांगला आहे, काका. त्याचं इथे कोणी नाही. हे मी आणखी कोणाला बोललेले नाही.’

मी लिहिलं, गप्प बसा.

फार चांगला आहे. माझ्याबद्दल असं तिने कधी कोणाला लिहिलं असेल?

२० जानेवारी

हॉस्पिटलचा मागचा जिना. तो पायरीवर बसून रडत होता. तिचा हात त्याच्या खांद्यावर. मी सॅम्पलचा डबा घेऊन तसाच मागे फिरलो. कोर्स म्हणे. पेशंटचा देश समजून घ्यायचाय म्हणे.

२१ जानेवारी

मरोळला त्या लॉजच्या पाटीवरच नंबर आहे, आणि खोली कुठली ते फारिसच्या किल्लीवर कधीच वाचून ठेवलं होतं. फोन लावला. ‘तुमच्या दोनशे चारमधल्या अरबाचा व्हिसा संपलाय. चौकशी आली की तुमचीच वाट लागेल.’ नाव सांगितलं नाही.

झकास वाटलं. घर येईपर्यंत तरी वाटत होतं.

२२ जानेवारी

संध्याकाळी सहाला अक्षताचा फोन. ‘काकू घरी आहेत ना?’ वीस मिनिटांत बिल्डिंगखाली रिक्षा. आधी अक्षता उतरली, मग फारिस, मग त्याला धरून त्याची आई. ऑपरेशनला नऊ दिवस झालेत. एक सुटकेस, एक्स-रेची मोठी पिशवी, पाण्याची अर्धी बाटली. लॉजवाल्याने सामान जिन्यात काढून ठेवलं होतं.

मी म्हटलं, इथे? आमच्याकडे? अक्षता माझ्याकडे बघत राहिली. ‘दुसरीकडे कुठे नेऊ? तूच सांग.’

मी सुटकेस उचलली.

मला वाटलं होतं तसं आईला काहीच विचारायचं नव्हतं. बाबा गावी कौलं बदलायला गेलेत, त्यांची खाट मोकळी आहे, एवढं तिला पुरलं. ‘उभ्यान काय रवलंस? त्या बाईक आधी खाटीर बसव. बोलणा कळना नाय तर काय झाला? दुखता ता कळता मां.’

२३ जानेवारी

बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी फारिसची गादी. सकाळी बघतो तर पातेल्यात पाणी उकळवून त्याच्या बुडाने शर्ट कडक करतोय. असं आहे होय.

दुपारी आईने बांगड्याचं तिखलं केलं. मी म्हटलं, त्यांना चालेल का? म्हातारीने बांगडा दोन बोटांत धरला आणि अख्खा काटा एका ओढीत बाहेर काढला. आई बघतच राहिली. ‘बघलंस? ही आपल्यातलीच आसा.’ नंतर कळलं, नवऱ्याची मासेमारीची होडी आहे होदेदाला. त्याला ती रोज मोबाइलवर बोलून निरोप पाठवते. लांबलचक. मध्येच हसते, मध्येच ओरडते. मला हसू आलं.

अक्षता शनिवार सोडून रोज येणार म्हणाली. अंधेरीहून नाहूर, रोज. कोणासाठी ते दिसतंय.

२५ जानेवारी

गच्चीच्या जिन्यात बसून वर्ग केला. खाली फारिस, आणि मी वर धाकूराव.

आजचा विषय तिथल्या जमातींचे रिवाज. पाहुणा आपल्या आसऱ्याला आला की तो ‘आपल्या चेहऱ्यात’ आला म्हणतात. त्याला कोणी हात लावला तर आपला चेहराच गेला. याला ते काळी लाज म्हणतात, आणि भरपाई साधी नाही, कुठे कुठे अकरा पट. पण दुसरीही एक रीत आहे. ज्याच्या हातून गुन्हा झाला तो आपणहून उठतो, आपली बंदूक नाहीतर खंजीर समोरच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, निवाडा तूच कर. सर म्हणाले, हे केलं की अर्धं भांडण तिथेच संपतं.

अक्षताने माइक चालू केला. ‘सर, आणि तो माणूस आलाच नाही तर?’

‘तर लोक वाट बघतात. गावात सगळ्यांना माहीत असतंच कोणी केलंय ते.’

मग म्हणाले, ‘धाकूराव, आज तुमचा प्रश्न नाही?’ मी फोन बंद केला.

२८ जानेवारी

रोज संध्याकाळी साडेसातला येते. म्हातारीची ड्रेसिंग बदलते, औषधं बघते. मग ती आणि फारिस स्वयंपाकघरात. हळू आवाजात अरबी. म्हातारी तिकडे वळली की दोघं गप्प. माझ्याच घरात! आज डोकं फिरलं. तिला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. ‘चाललंय काय तुमचं?’

ती चिडली नाही. दार ओढून घेतलं.

‘त्याचे वडील गेले, हर्षद. होदेदाला. ऑपरेशन चालू होतं त्याच दिवशी फोन आला. टाके सुटेपर्यंत आईला सांगू नका म्हणाले डॉक्टर. ती निरोप पाठवते, तो म्हणतो तिकडे नेट नाही. रोज नवीन कारण लागतं. तो थकला की मी शोधते.’

आतून म्हातारीचा आवाज येत होता. नवऱ्याला काहीतरी सांगत होती. बहुतेक बांगड्याचं. आई ‘होय गो, होय’ करत होती.

२९ जानेवारी

त्या दिवशी जिन्यावर तो रडत होता. मी डबा घेऊन उभा होतो. एक पाऊल पुढे जाऊन विचारलं असतं तरी चाललं असतं.

१ फेब्रुवारी

मुदतवाढीची पोच आली. फारिसने मला ती दोनदा वाचायला दिली, जणू मीच काही केलंय. पाच तारखेचं एडनचं विमान. तिथून घरी रस्त्याने एक अख्खा दिवस, कधी दोन. टाके निघालेत. वडिलांचं तो तिला एडनला पोचल्यावर सांगणार आहे. तिथे मावशी आहे.

वर्गाला बसलो नाही. आई म्हातारीचे केस विंचरून देत होती, दोघी आपापल्या भाषेत सुनांना नावं ठेवत होत्या. आईला सून नाही, तरी.

२ फेब्रुवारी, रविवार

फारिसला गच्चीवर नेलं. माझ्याकडे ना बंदूक ना खंजीर. स्कूटरची चावी त्याच्यासमोर कठड्यावर ठेवली. माझी रोजी त्या स्कूटरवर आहे, दुसरं काही मोलाचं नाही. त्याने इथे उचललेल्या मोडक्या हिंदीत, मोबाइलवर शब्द शोधत सांगितलं – लॉजला फोन मी केला. निवाडा तू कर.

चावी बघून त्याला लगेच उमगलं. ही रीत तुला कोणी शिकवली, म्हणून हसलाही जरा. मग चावी परत माझ्या हातात दिली.

‘तेरी अम्मा मेरी अम्मा के बाल बनाती है. मैं क्या लूँ?’ आणि थोड्या वेळाने, ‘फ़ैसला मेरा नहीं. अक्षता का. उसको बोलो.’

व्हिसाचं मला कसं कळलं, हे त्याने विचारलंच नाही. विचित्रच.

३ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या गेटवर तिला गाठलं. तोंड उघडलं आणि तिनेच पुढचं बोलून टाकलं. ‘व्हिसाचं मी एकाच माणसाला लिहिलं होतं. आणि लॉजवाल्याने फोन आलेला नंबर दाखवला, तो मला पाठ आहे.’

म्हणजे रिक्षातून उतरतानाच तिला माहीत होतं. फारिसलाही. बारा रात्री तो माझ्या शेजारी झोपला, माझ्या आईच्या हातचं जेवला.

‘मी रोज त्याच्यासाठी येत नव्हते रे. तू कधी बोलतोस ते बघायला येत होते.’

मी म्हटलं, आता बोललो ना.

‘हो. त्याला आधी,’ ती म्हणाली. आज साडेसातला ती आली नाही.