सातव्या लेव्हलमधला व्हॉल्व्ह

३ मार्च
पाणीवाटपाच्या खेळाची सातवी लेव्हल अखेर कागदावर उतरली. पहिल्या सहांत नुसती पाइपांची जोडाजोड. थर्ड इयर सिव्हिलची पोरं ती गप्पा मारत सोडवतात. म्हणून सातवीत तलाव निम्मा केला. चार गावं, एक साखर कारखाना, प्रत्येकाच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह. सगळे उघडे ठेवले तर दाब कुणालाच पुरत नाही. एक बंद करायचा. कोणता, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. गाव कोरडं राहिलं की नापास.
इम्रान सर प्रोग्राम लिहितात. कागद बघून नुसतं ‘हं’.
वडवणीची बस आजही उशिरा. पाय भरून आले.

७ मार्च
लॅबमध्ये पोरांना खेळायला दिली. बहुतेकांनी सरळ कारखान्याचा व्हॉल्व्ह बंद केला. दाब आला, लेव्हल पार. मी आठवडाभर डोकं फोडलं, त्यांचा चहासुद्धा गार झाला नाही. इ. सर हसले. यंदा उसाअभावी आमच्या कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, पोरांना त्यात काय वावगं वाटणार.
घरी नळ कोरडा. स्वयंपाक उरकून आडवी झाले.

१० मार्च
सचिवसाहेबांचं बोलावणं. कॉलेज कारखान्याच्याच संस्थेचं, गोष्ट त्यांच्या कानावर जायचीच होती. आवाज चढवला नाही. सभासदांची पोरं इथं शिकतात, त्यांनी कारखाना बंद करायला शिकायचं का, एवढंच विचारलं. तो व्हॉल्व्ह कुलूपबंद करा म्हणाले. उठता उठता: “इम्रान सरांची नेमणूक जूनपर्यंतच आहे ना, मॅडम?”
मी हो म्हणाले. दोन्ही गोष्टींना.

११ मार्च
इ.ना कुलपाचं सांगितलं, नेमणुकीचं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. कुलूप पडलं. आता एक गाव कोरडं ठेवल्याशिवाय लेव्हल सुटत नाही, म्हणून नापासची अटही काढावी लागली. तीन गावांना पाणी मिळालं की पडद्यावर ‘शाबास!’ तो शब्द मीच सुचवला. काहीतरी यायला हवं होतं म्हणून.

१४ मार्च
पोरांना नवी सातवी दिली. कुरकुरत खेळली. टोकाचं लहान गाव बंद, शाबास, पुढं.
रेखा मात्र अडली. आष्टीकडची, हॉस्टेलवर राहते, वर्गात तोंड उघडत नाही. तिनंही टोकाचं गाव बंद केलं, शाबास आलं, तरी ती पडद्याकडं बघत बसलेली. मी जवळ गेले.
“मॅडम, गाव कोरडं ठेवलं तर ही शाबास कावून म्हणती?”
म्हटलं, दुसरा पर्याय नाही. तिनं कुलपावर बोट ठेवलं. मग हॉस्टेलचा टँकर आल्याचा आरडाओरडा झाला, मुली बादल्या घ्यायला पळाल्या. तीही गेली.
लॅब झाडून बंद केली. आज काहीच लिहू नये असं…

१७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत इ.ना नेमणुकीचं सांगून टाकलं. त्यांनी डब्यावरून मान वर केली नाही. त्यांना माहीत होतं, ऑफिसातून कळलेलं. दिंद्रुडला घर, दोन मुली शाळेत, आणि माणूस शांतपणे भाकरी मोडतोय.
“कुलूप काढायचं असंल तर काढू, मॅडम. माझ्याकडं बघून थांबू नका.”
असं सांगितल्यावर तर जास्तच थांबायला होतं. संध्याकाळपर्यंत मी वह्या तपासायचं सोंग केलं. मग त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. कुलूप काढलं. शाबास काढलं. नापासची अट परत घातली.
बरं वाटेल असं वाटलं होतं. नुसता थकवा.

२२ मार्च
सचिव आले. दाखवू का विचारलं, तर इ.चा फोन हातात घेऊन मीच खेळतो म्हणाले. सहा लेव्हली प्राचार्यांना विचारत विचारत कशाबशा पार. सातवीत पहिलं गाव बंद केलं, नापास. दुसरं, नापास. तिसरं. टोकाचं. कारखान्याला हात लावला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.
शेवटी फोन इ.पुढं सरकवला. ही सुटत नाही, काढून टाका.
“सुटती, साहेब. एक व्हॉल्व्ह राहिला तुमचा.”
सचिवांनी फोन परत ओढला. बराच वेळ अंगठा कारखान्याच्या व्हॉल्व्हवर अधांतरी धरून बसले. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. मग फोन तसाच पालथा ठेवला, चहा संपवला, बघू म्हणाले आणि गाडीत बसले. पुन्हा काढा म्हणाले नाहीत. ठेवा म्हणाले नाहीत. जूनचा विषयही नाही.
बसला उभं राहावं लागलं. इ.नी विचारलं, आठवीत काय घ्यायचं. म्हटलं, अजून सुचलं नाही.