हंड्यातले हरवलेले ग्रॅम

जिनिव्हा, ११ डिसेंबर

सेव्हरिनने हंडा आणला. डार्क चॉकलेटचा, सहाशे ग्रॅमचा! अकरा वर्षं मी चौकाचौकांत ओरडते आहे — कोकोच्या मळ्यांत कोवळी पोरं राबतात, हे चॉकलेट घरात आणू नका. आणि माझीच सून! म्हणाली, "आई, सण वर्षातून एकदा. एलोदीला फोडायचाय." नातीसाठी कबूल झाले. मूठ माझी, भाषण माझं. जिभेवर कण नाही.

१२ डिसेंबर, दुपार

घरातली सर्वांत म्हातारी आणि सर्वांत लहान, दोघींच्या मुठी हंड्यावर एकत्र, रिवाजच तसा. चारशे वर्षांपूर्वी शहरावर रात्री चाल झाली तेव्हा तटावरून शत्रूच्या डोक्यावर उकळत्या सुपाचा हंडा ओतणाऱ्या बाईवर मी वीस मिनिटं बोलले. एलोदी कुजबुजली, "आजी, हात दुखला." मग दरवर्षीची आरोळी — प्रजासत्ताकाचे शत्रू असेच नष्ट झाले! हंड्याच्या ठिकऱ्या.

तेवढ्यात गल्लीत सणाच्या मिरवणुकीचे ढोल वाजले. सगळे गॅलरीत धावले. मी शेवटी गेले. परत येतो तर बासिल खुर्चीवर, पुढचे पाय टेबलावर, नाक तपकिरी. नऊ किलोंचा कुत्रा!

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "त्याच्या हृदयाला हे झेपत नाही. किती खाल्लं ते सांगा आणि लगेच निघा."

किती? उरलेलं काट्यावर टाकलं — तीनशे दहा. मग कबुलीजबाब. सेव्हरिन चाळीस. माझा मातिस नव्वद. "नव्वद? आणि माझ्या पावावरचं लोणी मोजतोस?" सेव्हरिन कडाडली. एलोदी म्हणाली, "मी फक्त हंड्याचे कान." वीस.

"आई तर खातच नाहीत," सेव्हरिन म्हणाली. बासिलच्या नावावर एकशे चाळीस.

मी बासिलचा पट्टा शोधू लागले.

१२ डिसेंबर, संध्याकाळ

सुई टोचली, बासिल ओकला. डॉक्टरीणबाईंनी तबक निरखलं. "जेमतेम तीस. बाकीचं अंगात भिनलं."

"वाचेल ना?" मातिसने विचारलं.

"एवढं भिनलं असेल तर शब्द देत नाही."

एलोदी रडू लागली. भर सभेत कधी न अडखळलेली मी अडखळले. "बाकीचं... माझ्यात आहे. तुम्ही ढोल ऐकायला धावलात तेव्हा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्हालाही टोचू का सुई?"

मातिस भिंत धरून हसला. मग सेव्हरिन. मग मी — पोट दुखेपर्यंत!

१३ डिसेंबर

बासिल ठणठणीत. उरलेला हंडा कुलपात. सेव्हरिन म्हणते, "तुम्हा दोघांचा भरवसा नाही."

१४ डिसेंबर

आमच्या चॉकलेट बहिष्कार समितीच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला. सगळं सांगितलं — रविवारच्या सभेत बोलायचा मला हक्क नाही. पलीकडून हलक्या आवाजात: "कुठल्या दुकानातला होता हो?"