अमोनियाला कावळा शिवला

चकलांबा, ८ फेब्रुवारी

ती. अक्कास बंकटचा नमस्कार. (सुतक फिटलं, तरी वर ‘श्री’ लिहायला हात गेला नाही. रागावू नकोस.) आज नळाला पाणी आलं नाही, भाजी खारट झाली, पालीच्या भामामामी भेटायला आल्या. तुझे गुडघे कसे आहेत? आमचं बरं चाललंय. कौशल्याची खाट तू गेवराईला नेलीस ते चांगलंच केलंस, घर ऐसपैस झालं.

वैष्णवीचा केमिस्ट्रीचा पेपर तोंडावर आलाय आणि पोरगी एकाच प्रश्नावर अडून बसलीय. अमोनियात नायट्रोजनला तीन हायड्रोजन; मग ते सपाट का बसत नाहीत, तिवईच्या पायांसारखे खाली का झुकतात? मी सांगितलं, नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनची आणखी एक जोडी असते, लोन पेअर. ती कोणाशी जोडलेली नसते, पण जागा सगळ्यांपेक्षा जास्त अडवते आणि बाकीच्यांना रेटते. “दिसत तर नाही अप्पा, मग रेटते कशी?” (हट्ट आईचा, थेट कौशल्याचा.) शेवटी वैतागून कणकेचे गोळे केले, खराट्याच्या काड्यांनी जोडले, लोन पेअर म्हणून वर एक मोठा गोळा बसवला, ताटात ठेवलं आणि हात धुवायला गेलो.

मामी दहाव्याला येऊ शकल्या नव्हत्या, तुला माहीतच आहे. त्यांना वाटलं, पिंडच मांडलेत. “कावून असं कोरडं ठेवलं रं? दही तरी घालावं!” मी येईपर्यंत दही घालून ताट गच्चीच्या कठड्यावर गेलेलं. दहाव्याला ज्या कावळ्यानं आपल्याला उन्हात ताटकळत ठेवलं (काय काय कबूल केलं आपण त्याच्यापुढं!), तो इथं झडप घालून आला आणि नेमकी लोन पेअर घेऊन गेला. “शिवला बघ! आता सुखानं गेली बाय माझी,” म्हणून मामी रडायला लागल्या. तिकडं वैष्णवी ताटावर वाकलेली : “वरची जोडी गेली, आता हे तीन सपाट व्हायला पाहिजेत ना?” प्रश्न बरोबर होता. “कणकेला काय कळतंय?” म्हणून मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

तुझा बंकट

ता. क. मामींना खरं सांगू नकोस.

आणखी एक. खाट परत पाठव. जागा मोकळी आहे, तरी मी पाण्याची कळशी घेऊन भिंतीला घासतच जातो. वैष्णवीही तशीच जाते. आज तिनं मला तसं जाताना पाहिलं, स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. खाट असली तर निदान तिच्यावर बसून अभ्यास करील.

ताट अजून कठड्यावरच आहे, दही वाळलंय. पाणी थोडं आहे, राखेनं घासून टाकतो.