काडी मी ओढली

२१ डिसेंबर, बर्मिंगहॅम

रोहनचा फोन आज मी मध्येच ठेवून दिला. पोटच्या मुलाचा. शेकोटीचा फोटो मीच हौसेने पाठवला होता.

"आई, त्या पेगन लोकांत तू काय करतेस? बाबा असते तर काय म्हणाले असते?"

मफलर घालून जा, म्हणाले असते.

पेगन म्हणे! कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हा हिंदू मुलींनाच पेगन म्हणायच्या, मूर्तिपूजक म्हणून.

शेजारची जोन दरवर्षी या सर्वांत लहान दिवशी सूर्य परत यावा म्हणून बागेत शेकोटी पेटवते. आज तिने काडेपेटी माझ्या हातात दिली. "यू लाइट इट, लव्ह. यंदा सगळ्यात जास्त अंधार तुझ्याच घरात होता."

मार्चमध्ये हे गेले, तेव्हा क्रिमेटोरियममधलं दाहिनीचं बटण रोहनने दाबलं. मुलानेच दाबायचं असतं, भटजी म्हणाले. मी, ह्यांची बायको, मागे खुर्चीत. तुला दाबायचंय का, असं कोणी विचारलं? रोहनने तरी?

आज जोनच्या बागेत पहिल्या काड्या विझल्या. मग एक पेटली. मनात म्हटलं, अहो, सावकाश जा.

हेच रोहनला सांगायचं होतं. त्याला बाबा आठवले, ते बटण नाही आठवलं.

जोनची काडेपेटी माझ्या कोटाच्या खिशातच राहिली आहे. परत देणार नाही.