मागच्या सीटचा वास

अप्पा, आईने माझ्या गाडीत बसायचं नाही असं ठरवलं होतं, आणि हे सांगायला मला दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. आई आता माझ्याकडेच असते, कल्याणकडच्या मानपाड्याला. तुमची कंपनी होती तिच्या मागे आता इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. तिच्या उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, ठाण्याला. चुकलं तर उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी गाडी घेतली तीच मुळी तिला नेण्याआणण्यासाठी.

नवरात्रात आम्ही इंजेक्शन घेऊन निघालो आणि टेंभी नाक्याच्या अलीकडे अडकलो. देवीच्या गर्दीने पुढचा रस्ता बंद, मागे गाड्यांची रांग, तासभर जागचं हलता आलं नाही. आईने सकाळी प्रेशरची गोळी घेतलेली, त्या गोळीने लघवीला सारखं जावं लागतं. तिने दोनदा विचारलं, अजून किती वेळ. मी म्हटलं, सुटेलच आता. मग ती विचारायची थांबली. बऱ्याच वेळाने मागून म्हणाली, "एसीचं पाणी गळतंय वाटतं गं सीटवर." मी आरशात पाहिलं. डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा खिडकीबाहेर. मी म्हटलं, "हो, गळतं अधूनमधून."

मी काय केलं सांगू? ओल्या फडक्याने सीट पुसली आणि बाजारातून मोगऱ्याच्या वासाची डबी आणून आरशाला टांगली. दोन दिवसांनी बंद गाडीचं दार उघडलं तर मोगरा आणि लघवी, दोन्हींचा मिळून असा भपकारा आला की मी मागे सरकले. काचा उघड्या ठेवून चालवायला लागले. पुढच्या आठवड्यात आईला बँकेत न्यायचं होतं. ती दारात काठी टेकून उभी राहिली, डबीकडे बघत. "हे माझ्यासाठी लावलंस ना?" एवढंच विचारलं तिने. मग वळली. त्यानंतर इंजेक्शनचं नाव काढलं की म्हणायची, रिक्षा कर, नाहीतर राहू दे, एक डोळा पुरे आहे मला. मानपाड्याहून ठाण्यापर्यंत रिक्षा, खड्ड्यांतून, डोळ्यात इंजेक्शन घेतलेल्या बाईला. मी चिडले, विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. तारीख आठ दिवसांवर आली.

तेव्हा मला तुमची व्हॅन आठवली. कंपनी बंद पडल्यावर तुम्ही जुनी व्हॅन घेतलीत आणि शाळेची मुलं न्यायला लागलात. मी आठवीत, त्याच व्हॅनमधून जायचे, पुढे तुमच्या शेजारी, जरा तोऱ्यातच. एका शनिवारी दुसरीतली एक मुलगी मागच्या सीटवर ओकली. सकाळचे पोहे, दूध, सगळं. मी रुमाल नाकाला लावला आणि मोठ्याने म्हणाले, शी, हिला पुन्हा बसवू नका. झालं, सगळी पोरं नाक धरून ओरडायला लागली. ती मुलगी रडलीसुद्धा नाही, पिशवी पोटाशी धरून बसून राहिली. संध्याकाळी तुम्ही मला हाक मारून खाली बोलावलंत आणि हातात ब्रश दिलात.

तुम्ही अजून मला आपल्या चाळीच्या अंगणात दिसता, बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. सीट बाहेर काढून विटांवर ठेवलीय. आधी पुठ्ठ्याने सगळं खरवडून घेता, मग वखारीतला लाकडाचा भुसा टाकता, तो ओल पिऊन घेतो. मी गरम पाणी आणते तर तुम्ही परत पाठवता. गरम पाण्याने वास आत मुरतो म्हणता. गार पाणी, थोडं व्हिनेगर, मग कोरडं फडकं दाबून दाबून, घासून नाही. रात्रभर खाण्याचा सोडा पसरून ठेवायचा. घरात उदबत्ती होती, मी म्हटलं ती लावू या. "वास झाकायचा नसतो," तुम्ही म्हणालात, "कुठून येतो ते शोधायचं असतं." तो येत होता सीटच्या शिवणीतून. तुम्ही शिवण उसवून आतला स्पंज धुतलात. मी कंटाळून विचारलं, एवढं कशाला, भाड्याचीच तर पोरं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. "त्या पोरीला अख्खं वर्ष याच सीटवर बसायचंय. ती कुठे ओकली होती, हे सोमवारी कुणाला दाखवता आलं नाही पाहिजे."

रविवारी दिवसभर चारी दारं उन्हात उघडी होती. सोमवारी तुम्ही मला म्हणालात, आज तू मागे बस. त्या मुलीच्या घरापाशी थांबलो तर ती आपल्या आईचा पदर सोडेना. मी तिच्याच जागेवर बसले होते. शेजारी सरकून तिला म्हटलं, ये, इथे बस. ती चढली. मुलं दोन मिनिटं इकडेतिकडे हुंगत राहिली आणि मग विसरली.

तर अप्पा, मी शनिवार-रविवार तेच केलं. मोगऱ्याची डबी कचऱ्यात टाकली. मागची बैठक दोन बोल्ट काढले की निघून येते, हे मला माहीत नव्हतं, बिल्डिंगच्या वॉचमनने दाखवलं. खाली गालिचा अजून दमट होता, आणि वरून कोरडा वाटणारा स्पंज दाबला की ओल हाताला लागत होती. मी वरचं कापडच पुसत बसले होते. सगळं बाहेर काढलं, धुतलं, टॉवेल दाबले, सोडा पसरला. पार्किंगमध्ये ऊन येत नाही, म्हणून बैठक उचलून गच्चीवर नेली. कंबर अजून दुखतेय. आई खिडकीतून बघत होती. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, ती गोळी त्या दिवशी घरी परतल्यावर दिली तरी चालेल. हे मला आधीच विचारता आलं असतं. बैठकीच्या कव्हरखाली एक रबरी कापड घातलंय, वरून दिसत नाही.

इंजेक्शनच्या दिवशी मी आधीच खाली जाऊन मागच्या सीटवर बसले आणि चपलेचा पट्टा लावत राहिले. आई आली, दार धरून उभी राहिली. श्वास घेतला तिने, मला ऐकू आला. मग म्हणाली, "सरक, मला बसू दे. तू गाडी चालव." कल्याण फाटा मागे पडला तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. तुझ्या अप्पांच्या गाडीला कधी वास यायचा नाही, म्हणाली, एवढी पोरं असून. मी म्हटलं, हो ना. येताना तिला झोप लागली.

हे पत्र तिला वाचून दाखवायचा विचार होता, पण नाही दाखवणार. कारण एक गोष्ट राहिलीय, ती फक्त तुम्हाला ठाऊक असेल. कल्याणच्या दवाखान्यात तुमच्या शेवटच्या महिन्यात मी रोज अकरानंतर यायचे. साडेदहाला आया तुमची ओली चादर बदलायची आणि फरशी पुसायची. ते झालं की मी येत असे. दहाला पोचलेली असायचे अप्पा, खाली बाकावर बसून राहायचे. वर येऊन सांगायचे, रिक्षाला फार रांग होती. आणि तुम्ही म्हणायचात, "हो, या वेळेला असते."