बाबांची मुदतवाढ

जैनथ, ता. ८ सप्टेंबर १९८७

चि. भगवंतास मनकर्णाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तू तुया कचेरीतून धाडलेला कागद पोचला अन् घरात नसती आफत आली. निजामाच्या काळातल्या नोकरदारांची पेन्शन नव्यानं, न्यायानं ठरवाले कमिटी बसली, हे बाबांले लय आवडलं. पण कोष्टकात त्यांच्या नावासमोर ‘अपेक्षित अखेर : १४ डिसेंबर १९८७’ असं काऊन लिहिलं रे? बाबा गिरदावर होते, घोड्यावरून गावोगाव जमिनी तपासल्या, सरकारी हुकूम जन्मात मोडला नाही. हा बी मोडणार नाही म्हणतात. शेताचे कागद माया हवाली केले. चष्मा शेजारच्या भिवाजीले देऊन टाकला, आता काय वाचाचं म्हणे! माय हसते. म्हणते, बुढ्याले बदलीचा हुकूम आला.

तब्येतीले जप, अन् लवकर लिही.
तुही अक्का

हैदराबाद, ता. २१ सप्टेंबर १९८७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अगं, ती मरणाची तारीख नव्हे! माणूस सरासरी किती जगतो ते धरून पेन्शन बसवतात. त्या वयाच्या सगळ्यांना एकच आकडा. मीच दीडशहाणा, तो आकडा बाबांच्या जन्मतारखेला जोडून तारीख काढली आणि हौसेने टाइप केली. बाबांना समजावून सांग. आमच्या साहेबांचे वडील कोष्टकाबाहेर अकरा वर्षे टुणटुणीत आहेत म्हणावं.

आईबाबांना शि. सा. न. माझ्यावर राग धरू नकोस.
तुझा भगवंत

जैनथ, ता. ६ नोव्हेंबर १९८७

चि. भगवंतास अ. आ.

समजावून समजावून तोंड दुखलं. तुया साहेबाचा बाप बेशिस्त असंन म्हणाले.

मले आता भेव वाटून राह्यलं. परवा शेजारची शकुबाई अंगणात आली अन् बाबा कुठं गेले म्हणून पुसलं. ते तिच्या समोरच बाजेवर बसले होते रे! कोंबड्या त्यांच्या पायावरून चालत जातात, जसं तिथं कोणी नाहीच. मी हात लावून पाह्यते, तवा कुठं जीव भांड्यात पडते.

तू मुदतवाढीचा हुकूम धाड. खोटा असला तरी चालते. सरकारचा कागद सरकारच्याच कागदानं कटते. बाप वाचव बाबू.
अक्का

हैदराबाद, ता. २० नोव्हेंबर १९८७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

सोबत हुकूम आहे. ‘मुदतवाढ मंजूर’ एवढंच लिहिलं. शिक्का रुपयाच्या नाण्याला शाई लावून उमटवला. कोणाला कळलं तर माझी नोकरी जाईल, पण जाऊ दे. पोचल्याचं कळव, तोवर घास उतरणार नाही.
भगवंत

जैनथ, ता. १५ डिसेंबर १९८७

चि. भगवंतास अ. आ.

काल तार केली. तू निघाला असशील, तरी लिहून राह्यली, आला की हातात देईन, कारण हे तोंडानं सांगणं मले जमणार नाही.

हुकूम आला त्या दिवशी बाबा उठून बसले. कागद कपाळाले लावला. मंग पुसलं, की मी इथं थांबलो तर माया जागेवर एवजी कोण जाईन? जुन्या कचेरीत बदली माणूस दिल्याबिगर रजा भेटत नसे म्हणे. माय चुलीपाशी होती. हसत म्हणाली, लिहा मायं नाव, मी जाते. बाबांनी खरंच कागदामागं तिचं नाव लिहिलं. तिनं अंगठा बी दिला. आमी सारे पोट धरून हसलो रे भगवंता, मी बी हसली.

काल दुपारी भाकर थापता थापता माय गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. शेवटची भाकर तव्यावरच करपली.

बाबा रडले नाहीत. सारे त्यांच्यापाशी येऊन बसतात, आता ते सगळ्यांले दिसतात. तुले एकच गोष्ट कळवाले सांगितली. हुकमावर मुदतवाढ कुठवर, ते तू लिहिलंच नाही. तारीख टाकून दे म्हणतात, जवळची.

तुही अक्का