हवाबंद घराचा कबुलीजबाब

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतात तेवढाच, उरलेला मनाने). तुमची तब्येत, तुमचा चष्मा आणि तुमचा राग, तिन्ही कसे आहेत ते कळवावे. पहिल्या दोन्हींत सुधारणा असावी आणि तिसऱ्याला थोडा उतार पडावा, ही इच्छा. इकडे आई बरी आहे, बायको बरी आहे, मीही बरा आहे. बरी नाही ती मागच्या खोलीची भिंत. तीच, जिला तुम्ही माझ्या जन्माच्या वर्षी स्वतःच्या हाताने चुन्याचा गिलावा केला होता.

दोन वर्षं ना फोन ना पत्र, आणि आज बरी आठवण झाली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा, तुमचा हक्क आहे. घर उबदार राहावं आणि वीज वाचावी म्हणून मी ते आतून बंद करायला घेतलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "भाचेबुवा, दगडाचं घर आहे. ओल आत येते तशी बाहेरही जाते. तिची वाट अडवू नकोस." आणि चार माहितीपत्रकं वाचून दीडशहाणा झालेला मी सगळ्या कामगारांसमोर हसून म्हणालो, "मामा, तुमचा जमाना गेला आता." तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून उठलात. मी थांबवलं नाही. (खरं सांगतो, मला वाटलं, बरं झालं, आता काम लवकर उरकेल.)

पुढची हकिकत तुम्हाला कुणी सांगितली नसेल, म्हणून सांगतो. आमचं घर सरकारच्या जतन करायच्या जुन्या इमारतींच्या यादीत असल्यामुळे दर्शनी बाजूच्या खिळ्यालाही हात लावायची सोय नाही. जे करायचं ते आतून. आधी एक तज्ज्ञ आले. त्यांच्या कॅमेऱ्यात ऊब तांबडी दिसते आणि गारवा निळा. खिडक्या, दारं, कोपरे, सगळीकडून तांबडं बाहेर चाललेलं पाहून आई म्हणाली, आपल्या घरात एवढी ऊब होती हे मला आजच कळलं. मग त्यांनी पुढच्या दारात जाड कापड ताणून त्यात भलामोठा पंखा बसवला. घरातली हवा तो बाहेर ओढतो आणि मग फटी कुठे आहेत ते कळतं. पंखा सुरू झाला आणि पहिली फट सापडली ती धुराड्याची. तीस वर्षं साठलेली काजळी एका दमात दिवाणखान्यात उतरली. तज्ज्ञ पांढरा शर्ट घालून आले होते.

त्यावरून तरी मी शहाणा व्हायला हवं होतं. पण मला चेव चढला. भिंतींना फोमचे तक्ते डिंकाने चिकटवले, त्यावर प्लास्टिक, त्यावर आणखी एक थर. खिडक्यांच्या कडांना रबर, झरोक्यांना बूच. पुन्हा पंखा लावला तर यंत्राचा काटा जागचा हलेना. मला घर हवाबंद असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मी ते चौकटीत घालून मागच्या खोलीत, तुमच्याच भिंतीवर टांगलं. घरातली पहिली बुरशी त्यालाच आली.

थंडी सुरू झाली आणि घराला घाम फुटला. वरणाची वाफ, आंघोळीची वाफ, तीन माणसांचा श्वास, कुणालाच बाहेर जायला वाट नाही. खिडक्यांवरून ओघळ, कपाटातल्या बुटांवर हिरवी लव. माझे मेहुणे खास घर बघायला आले आणि न्हाणीघराचं दार फुगून आत अडकले. (सुतार येईपर्यंत सव्वा तास. ते आतून विजेच्या बचतीबद्दल विचारत होते आणि मी बाहेरून आकडे सांगत होतो.) तज्ज्ञांना पुन्हा बोलावलं. ते म्हणाले, घर उत्तम आहे, फक्त स्वयंपाक आणि आंघोळ जरा बेताने करा.

आई मागच्या खोलीत निजायची, ती खोकायला लागली, तेव्हा माझी हौस फिटली. तिला पुढच्या खोलीत आणलं (आता खोकला नाही, काळजी नसावी) आणि मी स्वतः तक्ते उपटायला घेतले. मामा, डिंकाबरोबर तुमचा गिलावा निघून आला. ओला, काळा, हातात घेतला की मळलेल्या कणकेसारखा. मागे नुसता दगड. पन्नास वर्षं त्या भिंतीला काही झालं नव्हतं. मी तिला दोन हिवाळ्यांत संपवलं. त्या कचऱ्यात मी बराच वेळ बसून होतो. आई दारात आली, बघितलं आणि केरसुणी भिंतीला टेकवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मीही उलट बोलून मोकळा झालो असतो.

कळावे. लोभ असावा असं लिहायला तोंड नाही. पत्र फाडू नये, एवढीच विनंती.

तुमचा,
नको तिथे हसणारा भाचा

ता. क. : बोलावत नाही, नुसतं विचारतो. चुना किती दिवस मुरवायचा? मी आठवडाभर मुरवून बोटभर जाड थर दिला. सकाळी तो जमिनीवर होता.

ता. क. २ : बरं, बोलावतो. तुम्हाला आता शिडी चढवत नाही हे मला ठाऊक आहे. शिडीवर मी चढेन. तुम्ही खाली बसून फक्त शिव्या द्या.

ता. क. ३ : आईने हे सगळं वाचलं. म्हणाली, "भिंत गेली खड्ड्यात. तुझ्या एका वाक्यापायी माझा भाऊ दोन वर्षं या घरात आला नाही, ते कुठे लिहिलंयस?" मामा, त्या दिवशी मी चुकलो. चारचौघांत चुकलो, तर माफीही चारचौघांत मागीन. कामगारांना पुन्हा बोलवायची माझी तयारी आहे.

ता. क. ४ (पेन्सिलीने) : पोस्टावर माझा भरवसा आहे, उत्तराची वाट बघायच्या स्वतःच्या धीरावर नाही, म्हणून पत्र हातानेच आणलं. घंटा वाजवायला दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. तुमच्या दाराखाली चांगली बोटभर फट आहे, तिच्यातून हे आत सरकवतो. सावकाश वाचा, मी बाहेर पायरीवर बसलो आहे. मला घाई नाही. पण आईही शेजारी बसली आहे, आणि पायरी फार गार आहे.